तबकडीवरचे वय

नोव्हेंबर 2016 मध्ये जिनिव्हात पाटेक फिलिप या कंपनीच्या 1518 क्रमांकाच्या मनगटी घड्याळाचा लिलाव झाला आणि ते सुमारे 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला विकले गेले. 1941 ते 1954 या काळात या जातीची सुमारे 280 घड्याळे तयार झाली आणि त्यांतली जवळजवळ सगळी सोन्याची होती. लिलावात गेलेले मात्र स्टीलचे होते आणि तशी फक्त चार घड्याळे माहीत आहेत. सराफाच्या तराजूत त्या स्टीलला काही भाव आला नसता, तरीही सोन्याच्या भावंडांना ते कितीतरी मागे टाकून गेले. आपल्याकडे नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत एखाद्या ट्रंकेत आजोबांचे घड्याळ सापडले की पहिला प्रश्न येतो, सोन्याचे आहे का? दुसरा प्रश्न, चालते का? आणि त्यापाठोपाठ सल्ला मिळतो की बाजारात नेऊन डायल नवी करून घ्या, पॉलिश मारून घ्या, घड्याळ झक्क दिसेल. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की पहिले दोन प्रश्न दुय्यम आहेत आणि तो सल्ला घातक आहे. जुन्या, दुर्मीळ घड्याळाची किंमत त्याने स्वतःजवळ सांभाळलेल्या पुराव्यात असते. तो पुरावा पिवळसर पडलेल्या तबकडीवर असतो, डबीच्या कडांवर असतो, मशीनवर कोरलेल्या आकड्यांत असतो आणि कधीकधी कपाटातल्या एका जीर्ण पावतीत असतो. तो पुसला की घड्याळ उरते, पण त्याची ओळख जाते.

हे समजून घ्यायला फेवर-ल्यूबा कंपनीच्या ‘बिवॅक’ या घड्याळासारखे दुसरे उदाहरण नाही. फेवर-ल्यूबा हे नाव आपल्याकडे लग्नातल्या घड्याळाचे नाव म्हणून आठवले जाते. सी-चीफ, सी-किंग या तिच्या चावीच्या घड्याळांनी कित्येक मनगटे सजवली. पण त्याच कंपनीने 1962 मध्ये बाजारात आणलेले बिवॅक हे वेगळ्याच जातीचे यंत्र होते. हवेचा दाब आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे हे पहिले यांत्रिक मनगटी घड्याळ. त्यात वेळ दाखवणाऱ्या मशीनबरोबर पातळ धातूची एक हवाबंद डबी असते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की ही डबी फुगते, वाढला की आकसते. केसाच्या जाडीत मोजावी अशी ती हालचाल दात्यांच्या आणि तरफांच्या साहाय्याने मोठी होऊन एका वेगळ्या काट्यापर्यंत पोहोचते. बाहेरचे कडे फिरवून आपण उभे आहोत त्या जागेची उंची काट्यासमोर आणायची आणि चालू लागायचे. चढ चढत जाल तसा काटा सरकत जातो. आपल्या भागापुरते बोलायचे तर नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मीटरवर आहे आणि बालाघाटच्या पठारावरचे लातूर सुमारे 630 मीटरवर. गोदावरीच्या काठावर कडे लावून लातूर गाठले तर वाटेत हवेचा दाब सुमारे 30 मिलिबारने उतरतो. एसटीत बसलेल्या माणसाला तो चढ फारसा जाणवतही नाही, पण चांगल्या स्थितीतल्या बिवॅकचा काटा तो नोंदवल्याशिवाय राहत नाही. त्यात बॅटरी नाही, उपग्रह नाही. आहे ती फक्त हवा आणि धातूची लवचिकता.

या यंत्राची एक मर्यादाही सांगायला हवी, कारण तीच त्याची दुसरी गंमत आहे. हवेचा दाब फक्त उंचीने बदलत नाही, हवामानानेही बदलतो. आपल्या उंचीवर सुमारे नऊ मीटर चढले की दाब एका मिलिबारने कमी होतो. म्हणजे वादळी पावसाआधी दाब दहा मिलिबारने उतरला, तर घरात टेबलावर पडलेले घड्याळही आपण नव्वद मीटर वर चढलो असे सांगू लागते. म्हणून गिर्यारोहक ओळखीच्या जागी पोहोचले की कडे पुन्हा लावून घेत. पण तेच घड्याळ एका जागी ठेवले तर ते उत्तम वायुभारमापक होते आणि रात्री तंबूत झोपलेल्या माणसाला उद्याच्या हवेचा इशारा देते. वॉल्टर बोनाटी आणि मिशेल वोशे या गिर्यारोहकांनी 1964 मध्ये आल्प्समधल्या ग्रांद जोरास शिखराची अवघड चढाई केली आणि 1975 मध्ये जुन्को ताबेई एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. या दोन्ही मोहिमांशी बिवॅकचे नाव जोडलेले आहे. आपण ज्या कंपनीला फक्त हुंड्यातल्या घड्याळाची कंपनी समजत आलो, तिच्या कारखान्यात काय घडत होते याची ही साक्ष आहे. पुढे 1968 मध्ये तिने पाण्याखालची खोली दाखवणारे ‘बाथी’ काढले. अशी घड्याळे मुळात कमी विकली गेली, कारण ती महाग होती आणि त्यांची गरज मोजक्यांनाच होती. आज त्यांतली सुस्थितीतली फारच थोडी उरली आहेत. आतली डबी वयाने थकते, तिला बारीक चीर गेली की दाब मोजण्याचे काम थांबते आणि तिचा सुटा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही.

फेवर-ल्यूबाचा इतिहास स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावात 1737 पासून सुरू होतो. भारताशी तिचे नाते 1865 पासूनचे; मुंबईत बस्तान बसवणारी ती पहिली स्विस घड्याळ कंपनी मानली जाते. 1886 च्या सुमारास मुंबईत वेस्ट एंड वॉच कंपनी आली. तिच्या ‘सोवार प्रायमा’ घड्याळाच्या नावातला सोवार म्हणजे आपलाच स्वार; रेल्वे आणि लष्करात ही घड्याळे मोठ्या संख्येने गेली. मराठवाड्यात मिनिटाचा हिशेब रुजवला तो मुख्यतः रेल्वेने. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोहोचली. नांदेडला त्याआधीच मनमाड-हैदराबाद मार्ग आला होता. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरात त्याहून 39 मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ कित्येक वर्षे चालू राहिली. अशा काळात अचूक घड्याळ ही कामाची वस्तू होती आणि मानाचीही. पण इथे एक गोष्ट विसरता येत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे नाणे वेगळे, हाली सिक्का. जकातही वेगळी, करोडगिरी. मुंबईहून संस्थानात येणाऱ्या मालाला करोडगिरीचे नाके ओलांडावे लागे. म्हणून त्या काळातल्या एखाद्या घड्याळाबरोबर पावती सापडली, तर रक्कम हालीत आहे की इंग्रजी कलदार रुपयांत यावरूनही घड्याळ कुठे विकले गेले आणि साधारण केव्हा, याचा अंदाज बांधता येतो. पुरावा म्हणतात तो हा. तो सोन्याच्या वजनात सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर तर घड्याळ आणि कागद यांचे नाते आणखी घट्ट झाले. परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर निर्बंध आले, परदेशी घड्याळे महागली आणि चोरट्या मार्गाने येऊ लागली. ज्या 1962 साली बिवॅक बाजारात आले, त्याच वर्षी आपल्याकडे सीमाशुल्क कायदा झाला. त्याच्या 123 व्या कलमात सोन्याच्या जोडीने घड्याळांचे नाव आहे. तस्करीच्या सबळ संशयावरून असा माल जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर येते. एखादी वस्तू सोन्याच्या पंगतीला बसवावी, इतकी तिची मातब्बरी कायद्यानेच मान्य केली होती. आज संग्राहक एखादे घड्याळ हातात घेऊन जो प्रश्न विचारतो, तो त्या काळच्या कस्टम अधिकाऱ्याच्या प्रश्नाहून वेगळा नाही: हे कुठून आले आणि याला आधार काय? ज्या घराने पावती जपली, हमीपत्र जपले, दुकानाचे नाव छापलेली पेटी जपली, त्या घराकडे या प्रश्नाचे उत्तर आहे. 1961 मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे येऊ लागली आणि ‘जनता’सारखे घड्याळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. तेव्हापासून लग्नात सायकल, रेडिओ आणि घड्याळ या तीन वस्तू एका दमात उच्चारल्या जाऊ लागल्या. तरी स्विस घड्याळाचा दिमाख वेगळाच राहिला. एरवी कधी उंची वस्तू विकत न घेणाऱ्या घरात ती एकच उंची वस्तू असे. म्हणूनच ती जपली गेली आणि म्हणूनच आज ती सापडण्याची शक्यता आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण जपण्याच्या आपल्या कल्पनेत आहे. आपल्याकडे जपणे म्हणजे नवे दिसेल असे ठेवणे. पितळेची समई चिंचेने घासून लखलखीत करावी, तशी जुनी तबकडी रंगवून नवी करून घ्यायची. समई घासल्याने तिचे काही बिघडत नाही. तबकडीचे मात्र सगळेच बिघडते, कारण तबकडी ही छापील वस्तू आहे. कारखान्यात तिच्यावर लाखेचा थर देऊन बारीक अक्षरे ठशाने उमटवलेली असतात. अक्षरांची जाडी, ओळींमधले अंतर, मिनिटांच्या रेघांची टोके हे सगळे त्या त्या वर्षाच्या, त्या त्या कारखान्याच्या हाताचे असते. रंग खरवडून नवा चढवला की हा हस्ताक्षरासारखा पुरावा कायमचा जातो. मुंबईच्या बाजारातून अशी नव्या तबकड्यांची जुनी घड्याळे गेली कित्येक वर्षे परदेशी ग्राहकांना विकली जात आहेत: भगवी, निळी, हिरवी, पोपटी, कारखान्याने कधी न काढलेल्या रंगांची. संग्राहकांमध्ये त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असे नावच पडले आहे. याचा फटका खऱ्या घड्याळांना बसतो. भारतातून आलेले जुने स्विस घड्याळ म्हटले की घेणारा आधी साशंक होतो, आणि एखाद्या घराने साठ वर्षे जसेच्या तसे ठेवलेल्या घड्याळालाही त्या संशयातून जावे लागते. ज्या शहराने हिंदुस्थानला स्विस घड्याळ दिले, त्या शहराचे नाव बनावट तबकडीला चिकटावे, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

रंगवलेली तबकडी ओळखायला भिंग आणि थोडा धीर लागतो, फार मोठी विद्या लागत नाही. कारखान्यातली अक्षरे रेखीव आणि सारख्या जाडीची असतात. हाताने केलेल्या छपाईत शाई कडेला पसरते, एखादे अक्षर किंचित कलते. तारखेच्या खिडकीची कड किंवा तासांच्या बसवलेल्या खुणांचा तळ पाहिला तर नव्या रंगाचा थर तिथे साचलेला दिसतो. तळाशी सहाच्या आकड्याखाली स्विस बनावटीची जी बारीक अक्षरे असतात, ती रंगवलेल्या तबकडीवर बहुधा गायब असतात किंवा भलत्या जागी सरकतात. फेवर-ल्यूबाच्या तबकडीवरचे वाळूघड्याळाचे छोटे चिन्ह बेढब दिसू लागते. तबकडी कोरी करकरीत आणि काट्यांवरचा चमकणारा लेप मात्र तपकिरी पडलेला, असे असेल तर दोघांचे वय जुळत नाही हे लहान मूलही सांगेल. या लेपातही इतिहास आहे. अंधारात चमकावे म्हणून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात रेडियम वापरत. पुढे सौम्य किरणोत्सारी ट्रिटियम आले आणि त्यासाठी तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस टी’ अशी खूण छापू लागले. ट्रिटियमची शक्ती सुमारे सव्वाबारा वर्षांत निम्मी होते, त्यामुळे 1965 चे खरे घड्याळ आज अंधारात चमकणार नाही. चमकले तर लेप नंतर भरलेला आहे. रेडियमचे तसे नाही. त्याची शक्ती निम्मी व्हायला सुमारे 1,600 वर्षे लागतात, म्हणून चमक विझली तरी किरणोत्सार विझत नाही. असा लेप खरवडला तर त्याची धूळ श्वासातून शरीरात जाते. तबकडीला हात लावू नये असे म्हणण्यामागे किमतीइतकेच दुरुस्ती करणाऱ्याच्या फुफ्फुसांचेही कारण आहे.

यावर पहिला आक्षेप साधा आणि रास्त आहे. घड्याळ हे वापरायची वस्तू आहे. ते बंद, मळके ठेवून काय उपयोग? बरोबर आहे, आणि म्हणूनच मशीन आणि तबकडी यांत फरक करायला हवा. त्या काळातली बहुतेक चावीची घड्याळे तासाला 18,000 ठोके देतात, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. इतक्या वेळा हलणाऱ्या भागांतले तेल सुकले की पोलाद पोलादाला खाऊ लागते. म्हणून मशीन उघडून, धुऊन, योग्य जागी नवे तेल देणे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्व्हिसिंग म्हणतात ते, घड्याळाचे आयुष्य वाढवते. तुटलेली स्प्रिंग बदलणे, तडकलेली काच बदलणे यात काही पाप नाही, कारण त्या वस्तू झिजण्यासाठीच असतात आणि बदलल्या जातील हे गृहीत धरूनच बनवलेल्या असतात. तबकडी वेळ राखण्याचे काम करत नाही. तिच्यावर डाग असला म्हणून घड्याळ एका सेकंदानेही चुकत नाही. घड्याळाच्या बाहेरच्या डबीला पॉलिश मारल्यानेही ते अधिक चांगले चालत नाही. उलट दर वेळी धातूचा पातळ थर निघून जातो, धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात आणि मागच्या झाकणावरचा क्रमांक पुसट होत जातो. चालते ठेवा पण नवे करू नका, हे दोन्ही एकदम साधता येते.

दुसरा आक्षेप दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या बाजूचा आहे आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईसारख्या बाजारात टेबलावर काचेची पेटी ठेवून, डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाने दोन बंद घड्याळांतून एक चालू घड्याळ उभे केले, तर त्याला बनावट कसे म्हणायचे? आयातबंदीच्या काळात सुटे भाग मिळत नव्हते. ही जोडाजोड टंचाईतून आलेली कला होती. हे पूर्ण खरे आहे. त्या कारागिरांनी ही घड्याळे चालती ठेवली नसती, तर आज चर्चा करायलाही काही उरले नसते. सचोटीने केलेली दुरुस्ती हादेखील घड्याळाच्या इतिहासाचाच भाग आहे. कित्येक कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्तीची बारीक खूण कोरत, आणि आज ती खूण जाणकाराला मोलाची वाटते. फरक हेतूचा आणि नोंदीचा आहे. घड्याळ चालावे म्हणून दुसऱ्याचे चक्र बसवणे आणि ते उघड सांगणे ही दुरुस्ती. कधी न बनलेली तबकडी चढवून ते मूळ म्हणून विकणे ही फसवणूक. कारागिराचा मान राखायचा असेल तर त्याला तबकडी रंगवायला सांगू नये; मशीन सांभाळायला सांगावे, त्याच्या खऱ्या कौशल्याचे पैसे मोकळ्या हाताने द्यावेत आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून परत मागावा.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. जुनेपणाची चिन्हेच मोलाची ठरली की लोक तीच चिन्हे बनवू लागणार. मग पुरावा म्हणून त्यांवर विसंबायचे कसे? याचे उदाहरण ताजे आहे. 1957 च्या ओमेगा स्पीडमास्टर घड्याळांत काही काळ्या तबकड्या उन्हाने आणि काळाने तपकिरी झाल्या. कारखान्याच्या दृष्टीने तो दोषच, पण संग्राहकांना तो रंग इतका आवडला की त्याला ‘ट्रॉपिकल’ असे खास नाव मिळाले. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हात असे एक घड्याळ 31 लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले आणि ते खुद्द ओमेगाच्या संग्रहालयासाठी घेतलेले होते. 2023 मध्ये कंपनीनेच जाहीर केले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते आणि त्यात तिच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. यावरून डागाला काही अर्थ नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. निष्कर्ष असा निघतो की एकटा डाग पुरेसा नाही. न्यायालयात जसा एका साक्षीदारावर निकाल लागत नाही, तशी घड्याळाची खरेपणाची साखळी अनेक कड्यांनी बनते: तबकडी, डबीवरचा क्रमांक, मशीनवरची कंपनीची खूण, झीज, पावती आणि मालकीचा अखंड इतिहास. 2017 मध्ये पॉल न्यूमन या अभिनेत्याचे रोलेक्स डेटोना न्यूयॉर्कमध्ये 1 कोटी 77 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्याच्या मागच्या झाकणावर गाडी जपून चालव अशा अर्थाचा पत्नीचा निरोप कोरलेला होता आणि ते त्याच्याच मनगटावर असल्याची छायाचित्रे होती. तशीच आणखीही डेटोना घड्याळे होती; ही साखळी मात्र त्या एकाचीच होती. आपल्या घरातल्या घड्याळाची साखळी इतकी झगमगती नसेल. पण लग्नातल्या कृष्णधवल फोटोत वराच्या मनगटावर तेच घड्याळ दिसत असेल, मागे सासऱ्यांनी तारीख कोरून घेतली असेल आणि ते घराबाहेर कधी गेलेच नसेल, तर लिलावघराला जी साखळी शोधत फिरावी लागते ती इथे आयती उभी आहे.

शेवटी एक शंका उरते, ती किमतीची. फेवर-ल्यूबा म्हणजे काही पाटेक फिलिप नव्हे. सी-चीफला कोणी कोटी रुपये देणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला? खरे आहे, देणार नाही. मूळ रूपातले बिवॅक मिळाले तर ते नक्कीच हवेहवेसे असेल, पण बहुतेक घरांत ते सापडणारही नाही. तरीही जपण्याचा नियम दोघांना सारखाच लागू होतो, कारण पुरावा फक्त बाजारासाठी नसतो. 25 डिसेंबर 1969 ला सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवले आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ-उद्योगातल्या सुमारे 90 हजार कामगारांपैकी तिसरा हिस्साच उरला. त्या पडझडीत फेवर-ल्यूबाही संस्थापक घराण्याच्या हातून गेली. 2011 मध्ये ती टायटनकडे आली आणि नंतर पुन्हा भारतीय हातांतच नव्याने उभी राहू लागली. एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. म्हणजे चावीच्या घड्याळाचे जे जग आपल्या आजोबांच्या मनगटावर होते, ते आता कारखान्यांत नाही. जे उरले ते घरांत आहे. मराठवाड्याच्या त्या पिढीने शेतीच्या उत्पन्नातून, पहिल्या पगारातून, कर्ज काढून केलेल्या लग्नातून काय विकत घेतले, कशाला मान दिला, कोणत्या वेळेवर गाड्या आणि शाळा धरल्या, हे सांगणारे कागद थोडे आहेत. वस्तू मात्र अजून आहेत.

म्हणून ट्रंकेतले घड्याळ हाती लागले तर त्याला घाईने चावी देऊ नये. सुकलेल्या तेलावर मशीन फिरले तर झिजते. आधी आहे तसे त्याचे फोटो काढावेत, समोरून, मागून आणि कडेने. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीकडून ते कोणी, कुठून, कोणत्या निमित्ताने घेतले हे विचारून लिहून ठेवावे, कारण हा पुरावा त्या व्यक्तीबरोबर निघून जातो आणि कुठल्या भिंगाने परत मिळत नाही. पेटी, पावती, जुना पट्टा, काहीही टाकू नये. मग विश्वासू कारागिराकडे मशीनचे सर्व्हिसिंग करावे आणि डायलला हात लावायचा नाही, पॉलिश करायचे नाही हे आधी स्पष्ट सांगावे. वापरण्यासाठी तबकडी बदलावीच लागली, तर मूळ तबकडी कापसात गुंडाळून त्याच पेटीत ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला ती पुन्हा बसवता येईल. साठ मराठवाडी उन्हाळ्यांनी तबकडीला जो चहासारखा रंग चढवला, तो तितक्याच उन्हाळ्यांनी पुन्हा येईल. रंगाऱ्याच्या कुंचल्याने येणार नाही. घड्याळ आपल्याला आजची वेळ सांगते, ती तर भिंतीवरचे स्वस्त घड्याळही सांगते. जुन्या घड्याळाने तबकडीवर गेलेली वेळ धरून ठेवली आहे आणि ती तशीच पुढच्या हातांत देणे आपल्याला जमण्यासारखे आहे.